दार फुगले नव्हते

मी, रखमाजी पि. किशनाजी पांचाळ, वय एकाहत्तर (शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख खरी धरून), धंदा सुतारकी, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, पूर्वीचा परभणी, हा माझ्यामागचा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी दारू पाजलेली नाही, कोणी पाया पडून गळ घातलेली नाही. कळमनुरीच्या वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता. तो कायद्याला धरून होता, पण त्यात मी कुठेच नव्हतो. म्हणून त्यातली कामाची वाक्ये घेतली आणि बाकीचा परत केला.

बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्या, असे वकीलसाहेब म्हणाले. डॉक्टरांनी माझ्या छातीचे फोटो काढले आहेत, डोक्याचे नाहीत. माझा दाखला मी या पानाला टाचला आहे. तो आज सकाळी सागवानाच्या फळीवरून रंध्याने काढलेला पापुद्रा आहे. लाकूड तासताना जाडसर साल निघते तिला आम्ही ढलपी म्हणतो, ती कोणीही काढतो. पापुद्रा म्हणजे टम्म भाकरीवर येतो तसा, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता निघालेला. त्याच्याखाली मी माझे नाव लिहिले आहे. ते वरून वाचता येते का पाहावे. पात्याला धार नसेल, हात कापत असेल किंवा मन दुसरीकडे असेल, तर तो निघत नाही. काढल्यावर मला दम लागून खाली बसावे लागले हेही खरे आहे. तो छातीचा दोष.

माझी मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांनी मला हत्यारे दिली. जमीन त्यांच्याकडे नव्हतीच. तेव्हा भाऊबंदांपैकी कोणी कागद घेऊन आल्यास त्याला चहा देऊन परत पाठवावे.

कलम एक. राहते घर. माझी पत्नी कौशल्याबाई हयात आहे तोवर घर तिचे. पोस्टातली शिल्लकही तिचीच. मुलगा हनुमान याने तिला नांदेडला नेण्याचा हट्ट करू नये. तिला तिसऱ्या मजल्यावर करमत नाही आणि वरून खाली बघितले की चक्कर येते. तिच्यामागे घर, मागची पडवी आणि रस्त्याकडेची दुकानाची जागा माझी नात सुकन्या पि. शिवहार पांचाळ, राहणार जवळा बाजार, तालुका औंढा, हिची. माझी मयत मुलगी सीमा हिची ती एकुलती एक लेक. यंदा तिला अठरा पूर्ण झाली, म्हणून हा कागद यंदा लिहितो. आधी लिहिला असता तर तिचा बाप पालक म्हणून सहीला पुढे उभा राहिला असता.

कलम दोन. तिचा बाप म्हणजे माझा जावई शिवहार. त्याला माझ्या मिळकतीतला खिळासुद्धा देऊ नये. दुकानाची जागा त्याने सीमाच्या हयातीतच मागितली होती, वेल्डिंगचे दुकान टाकायला. मी नाही म्हटले. त्यानंतर सीमा माहेरी आली की गप्प असायची आणि लांब बाहीचे झंपर घालायची. कौशल्याबाईने एकदा बाही वर करून पाहिली. लेकीला ठेवून घेऊ या, असे आम्ही दोघे म्हणालो, पण सीमाच ऐकेना. तान्ह्या पोरीला बापाचे घर पाहिजे, असे म्हणून ती गेली. सुकन्याने ती जागा बापाच्या नावे करून देऊ नये. हे माझे सांगणे आहे, अट नाही. अटी घालून मी नातीला बांधणार नाही.

कलम तीन. हत्यारे. करवती, पटाश्या, वाकस, सामता आणि मोठे रंधे हनुमानला. तो नांदेडला प्लायवूडचे काम करतो, हाताखाली माणसे आहेत, चांगले चालले आहे. मी एकदा म्हणालो, प्लायवूडचा कसला पापुद्रा निघणार, ते मुळातच पापुद्रे चिकटवून केलेले असते. तर हसून म्हणाला, म्हणजे तुमचेच काम कारखान्यात होते, दादा. बोलण्यात तो मला हरवतो. हत्यारे त्याने वापरावीत. वापरायची नसतील तर सुताराला द्यावीत. हल्ली हॉटेलांच्या भिंतीवर शोभेला लावायला जुने रंधे मागतात, त्यांना देऊ नयेत. मी मेल्यावर माझ्या रंध्याखाली बसून कोणी शेवभाजी खावी अशी माझी इच्छा नाही.

धार कशी लावायची हे हनुमानला येते, आळस आहे एवढेच. तरी लिहून ठेवतो. धार डोळ्यांना दिसू नये. पाते उजेडाकडे धरले आणि कडेला पांढरी रेघ चमकली, तर ती रेघ बोथटपणाची. ती नाहीशी होईपर्यंत दगडावर घासायचे, मग चामड्यावर ओढायचे. काहीच दिसेनासे झाले की धार आली. माझे वडील हे सांगताना माझ्या पाठीत धपाटा घालायचे, त्यामुळे लक्षात राहिले.

एक लहान रंधा मात्र हनुमानचा नाही. तो बाभळीच्या ठोकळ्याचा, वडिलांच्या हातचा आहे. तो सुकन्याचा.

कलम चार. मधल्या खोलीचे दार. वकीलसाहेबांनी हे एका ओळीत बसवले होते, 'एक लाकडी दार, जुने, जळके.' मला एवढ्यात जमणार नाही.

सीमा लग्न होऊन गेली तेव्हा सासरच्या स्वयंपाकघराला दार नव्हते, पोत्याचा पडदा होता. सुताराच्या लेकीने पोत्याआड स्वयंपाक करावा हे मला पटले नाही. निजामाच्या वेळच्या एका पडक्या इमारतीचे सागवान मी लिलावात घेऊन ठेवले होते. त्याचे दार केले आणि १९८८ च्या भाद्रपदात जवळा बाजारला जाऊन बसवले. भाद्रपदातच का, ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

आपल्याकडे दारे उन्हाळ्यात बसवतात. शेतीची कामे नसतात, घरे बांधून होतात, लग्नाआधी सगळ्यांना घाई असते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलेले असते. तेव्हा चौकटीत नीट बसलेले दार श्रावणात ओल धरते, फुगते आणि अडकते. म्हणून श्रावणात गावोगाव दाराला खांदा लावतात, पोरे लाथ मारून दार उघडतात, आणि सगळे म्हणतात, लाकूड आहे, फुगणारच. माझे वडील शेवटचा हात पावसाळ्यात मारायचे. दाराला जेवढे फुगायचे तेवढे फुगू द्यायचे आणि मग कडेवरून लाकूड उतरवायचे, तेही पापुद्र्यानेच. ढलपीने उतरवले तर उन्हाळ्यात एवढी फट पडेल की साप आत येईल. मग दार लावून घ्यायचे आणि बिजागऱ्या सोडून सगळ्या फटीतून तोच पापुद्रा ओढत न्यायचा. तो न फाटता फिरला की दार झाले. या पांचाळांना हंगाम कळत नाही, असे लोक हसायचे. मीही वडिलांसारखेच करत आलो आणि हसून घेतले.

त्या दिवशी सीमा आत होती आणि मी बाहेर. पापुद्र्याचे एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. लहानपणी ती माझ्या पायाशी बसून पापुद्र्यांच्या बांगड्या करायची, त्यामुळे तो न तोडता कसा धरायचा हे तिला शिकवावे लागले नाही. वरून खालपर्यंत नेऊन ती आतून म्हणाली, "दादा, कुठंबी अडकून न्हाई राहिलं." मग मी आत एक आणि बाहेर एक अशा दोन कड्या ठोकल्या, जशा सगळ्यांच्या दाराला असतात. सुकन्या तेव्हा पाळण्यात होती. पुढच्या पावसाळ्यात पंचमीला सीमा माहेरी आली आणि शेजारणींना सांगत होती की आमचे दार एका बोटाने उघडते. मला त्याचा किती अभिमान वाटला होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

श्रावण १९९० मध्ये त्याच स्वयंपाकघरात सीमा जळून गेली. शिवहारने आणि त्याची आई भागूबाई हिने जबाब दिला तो असा. स्टोव्ह भडकला, सीमा आत होती. पावसाची झड लागलेली, दार फुगून बसले होते. बाहेरून ढकलले तरी उघडले नाही. शेवटी वरचा पत्रा काढून आत उतरलो तोवर सगळे संपले होते.

पंचनाम्यात तेच उतरले. मी पोचलो तेव्हा दार उघडे होते. त्याच्या बाहेरच्या अंगाला खांद्याची, पहारीची, कुऱ्हाडीची एक खूण नव्हती. मी लावून पाहिले, उघडून पाहिले. ते एका बोटाने उघडत होते, बाहेर झड चालूच होती. मी फौजदारांना हात धरून दाराजवळ नेले आणि सांगितले की हे पावसाळ्यात बसवलेले दार आहे, ते फुगत नाही. माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणी प्यायला लावले आणि म्हणाला, "मिस्त्री, माझ्या क्वार्टरचं दारबी सकाळधरनं अडकून राहिलंय. आता जळाल्यावर उघडणारच की."

त्या दिवशी सगळ्यांचीच दारे अडकलेली होती, म्हणून सगळ्यांनी मानले. शिवहारही सुताराच्याच पोटचा आहे. श्रावणात दार अडकले हे लोक काही न विचारता मानतात, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. याहून जास्त मी लिहीत नाही, कारण मी तिथे नव्हतो. दार फुगले नव्हते, एवढे मला माहीत आहे. मग ते का उघडले नाही, हे तिथे असलेल्यांनी सांगायचे होते. कोणी सांगितले नाही आणि प्रकरण अपघात म्हणून मिटले.

शिवहारने मग लोखंडी दार स्वतः जोडून लावले. लाकडी दार कोणाच्या तरी शेळ्यांच्या वाड्याला गेले. माझा दोस्त धर्मसिंग तांड्यावरचा, शेळ्यांच्या व्यवहारात गावोगाव फिरतो. माझ्या प्रत्येक दाराच्या खालच्या पट्टीवर एक लहान करवत कोरलेली असते, ती त्याने ओळखली. वाडेवाल्याला पत्रा दिला आणि दार टेम्पोत घालून घरी आणले. दोन पावसाळे ते उघड्यावर होते. आतली बाजू काळी, कडा शाबूत, कारण जळताना ते चौकटीत बंद होते. चौकटीच्या मापाची काठी माझ्याकडे होतीच. त्याच मापाची चौकट करून ते मी मधल्या खोलीला लावले आणि जळक्या बाजूवर रंधा फिरवला नाही. तेव्हापासून दर श्रावणात झड लागली की दार लावतो आणि पापुद्रा फिरवतो. एकदाही फाटला नाही.

हनुमान म्हणाला, "दादा, ह्यानं काहीच सिद्ध व्हत न्हाई. उतरवून टाका ते." त्याचे बराबर आहे. जळाल्याने दार बारीक झाले असेल, असे कोणताही वकील म्हणेल. कौशल्याबाईला मी विचारले, उतरवू का. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिचा हात लागलेला हाय त्याला."

मला कोर्टाला काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते सुकन्याला. ती शाळकरी असताना कौशल्याबाईचा पाय मोडला, तेव्हा हनुमान तिला आजीला भेटवायला म्हणून घेऊन आला. आजी मधल्या खोलीत पलंगावर होती. पोरगी दारापर्यंत आली आणि ते काळे लाकूड बघून थांबली. मी म्हणालो, ये बाळ. ती म्हणाली, "मी न्हाई येत ह्या दारातून. तुमी चांगलं दार केलं असतं तर माझी माय मेली नसती." हे तिला घरी सांगितलेले होते. लेकराने ऐकले तेच बोलले. आजीला तिने खिडकीतून हात लावला आणि गेली, त्यानंतर ती आली नाही. मी लोकांच्या दारांवर जगलो. माझी नात समजते की माझ्या हाताच्या चुकीने तिची आई मेली. छातीचा आजार मला मारील, पण जगताना मारले ते याने.

म्हणून सुकन्याला सांगणे. घर तुझे झाल्यावर एखाद्या श्रावणात ये. तीन-चार दिवस झड लागू दे. आजी असेल तर तिला आत उभी कर, नसेल तर कोणालाही. वळचणीला डब्यात जुने पापुद्रे आहेत, पण ते वाळून तुटतात. गावातल्या कोणत्याही सुताराकडून माझ्या लहान रंध्याने ताजा काढून घे. दार लाव आणि फिरवून बघ. मग तुला जे वाटेल ते वाटू दे. फिरवावेसे वाटले नाही तरी घर तुझेच आहे. दार फोडून चुलीत घातलेस तरी घर तुझेच. तुझ्यासाठी स्थळे पाहत आहेत असे कळले. सासरी तकलीफ झाली तर परत यायला एक जागा असावी, आणि ती कोणाला विचारून मिळालेली नसावी.

कलम पाच. माझा अंत्यविधी. अग्नी हनुमानने द्यावा. शिवहारला कळवू नये, पण आलाच तर हाकलू नये. लाकूड बाभळीचे घ्यावे, सागवान जाळू नये, ते महाग आहे आणि मला त्याचा उपयोग नाही. चितेवर रॉकेल ओतायचे नाही. थेंबभरही नाही. पावसाळा असला, लाकूड ओले असले, लोकांना घरी जायची घाई असली तरी नाही. माळ्यावर दोन पोती पापुद्रे भरून ठेवले आहेत. ते खाली पसरून काडी लावली की पुरे, ते कसेही पेट घेतात. कौशल्याबाईला रॉकेलचा वास येऊ देऊ नये. त्या दिवशी घरात आणि आजूबाजूला कोणी स्टोव्ह पेटवू नये. शेजाऱ्यांना हात जोडून सांगावे, ते ऐकतील.

कलम सहा. वरीलप्रमाणे सर्व करण्याची जबाबदारी हनुमानवर. तो करील. माझ्याशी वाद घालतो, पण दिलेल्या मापात काम करतो.

कलम सात. साक्षीदार. दोन लागतात. एक धर्मसिंग. दुसरे म्हणून मी जवळा बाजारचे किराणा दुकानदार गुलाबचंद यांना बोलावले आहे. त्यांचे दुकान सीमाच्या घराच्या अगदी समोर आहे आणि १९९० च्या पंचनाम्यावर पंच म्हणून त्यांची सही आहे. वकीलसाहेब म्हणाले, दुसरा कोणीही चालेल, गावात माणसे काय कमी आहेत? मला दुसरा कोणीही नको आहे.

आषाढात मी बसने गेलो. गुलाबचंद गूळ तोलत होते. मी कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला नंतर ये म्हटले आणि मला विचारले, "मीच काहून, रखमाजी?" मी म्हणालो, "दाराच्या एका कागदावर तुमची सही हाय. दुसऱ्यावरबी असू द्या." ते बराच वेळ ताजव्याची पारडी पुसत बसले. मग कोणत्या दिवशी यायचे तेवढे विचारले.

मी हा सगळा कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ते सही करतील, उठून जातील, की नुसते नाव टाकतील, मला माहीत नाही. काय लिहावे हे मी सांगणार नाही. त्यांच्या नावाखाली चार बोटे जागा कोरी सोडली आहे. ते निघून गेले तर त्या जागी दुसऱ्या कोणाची सही घ्यावी आणि कागद पुरा करावा. सुकन्याला मग माझ्या एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल, आणि तो तिने ठेवला नाही तर मी तिला दोष देणार नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, आणि माझे आहे.

मुक्काम डोंगरकडा, दिनांक १० ऑगस्ट २००६, श्रावण. पाऊस चालू.

(सही) रखमाजी पि. किशनाजी पांचाळ

साक्षीदार १ : धर्मसिंग पि. भावसिंग राठोड. रखमाजीने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीत आहे. दार मीच आणले.
(डाव्या हाताचा अंगठा, मजकूर त्याने सांगितला तसा मी लिहिला. र. पांचाळ)

साक्षीदार २ : गुलाबचंद पि. मोतीलाल, राहणार जवळा बाजार. हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. वरील सर्व मी ऐकले. रखमाजींनी माझ्यादेखत सही केली. पंचनाम्यावरची सही माझीच आहे. त्यातला मजकूर आधीच लिहून तयार होता. त्या दिवशी ओरडणे ऐकून सगळ्यात आधी मी दुकानातून पलीकडे गेलो. दार फुगलेले नव्हते. बाहेरची कडी लावलेली होती. शिवहार आणि त्याची आई पायरीवर उभे होते. शिवहार मला म्हणाला, "शेटजी, आमच्या घरातलं हाय, तुमी दुकानात जा." आतून सीमा मला नावाने हाक मारत होती. मी दुकानात गेलो.

(सही) गुलाबचंद